माडाचे नऊ हेलकावे

देवबाग, शनिवार

प्रिय सदू,

तुझी ट्रंक पोचली. एस.टी.चं भाडं तीन रुपये साठ पैसे, मालवण स्टँडवर हमालाला चाळीस, तिथून होडीने इथवर पंचवीस. गाडीवाला सव्वा रुपया मागत होता, म्हणून होडी केली. आत निघालं ते असं: दोन सदरे, एक लोकरीचा स्वेटर कोपरावर विरलेला, चष्म्याचं रिकामं घर, तुझी ती सरकणारी गणिताची पट्टी, अकरा वह्या, आणि सुतळीने बांधलेली माझी पोस्टकार्डं. सगळ्यांत वर तुझ्या सरांचं पत्र, माझ्या नावचं.

कागद घेतला तेव्हा सवयीने 'चि.' लिहायला हात गेला. तो मागे घेतला. दुसरं अक्षर लिहवत नाही, म्हणून नुसतं प्रिय लिहिलं आहे. घरात आपण मालवणीत बोलायचो, पण पत्र म्हटलं की माझा हात अजून शाळेतला होतो, हे तुला ठाऊक आहे.

तुला जाऊन सात महिने झाले. दर महिन्याच्या तिथीला पान वाढते, कावळा यायला उशीर करत नाही, तेवढंच समाधान. पत्र लिहिण्याचं काही कारण नव्हतं. आता आहे. तुला एक सांगायचं राहिलं, आणि ते मला स्वतःलाच गेल्या आठवड्यात कळलं. चूक तुझ्या गणितात नव्हती, सदू. माझ्या मोजण्यात होती.

पहिल्यापासून लिहिते, नाहीतर मध्येच हात थांबेल.

खाडीकडच्या कुंपणाजवळचा तो उंच माड तू निवडलास ती मे महिन्याची सुट्टी होती. उंच खांबावरची पाण्याची टाकी वाऱ्यात नि भूकंपात कशी डोलते, भरलेली कशी आणि रिकामी कशी, हा तुझा अभ्यास. खरी टाकी कोण हलवू देणार? मग तुझ्या डोक्यात आलं की माड म्हणजे तेच. खाली बारीक खांब, वर सगळं वजन. नारळ धरलेले असताना भरलेली टाकी, पाडप होऊन ते उतरले की रिकामी. जेवताना तू हे सांगितलंस तेव्हा यांनी पानातून मान वर केली आणि म्हणाले, "मगे आमी इतकी वर्सा टाकीखाली झोपतंव काय?"

नारळ पाडायला येतो तो बाबल वर चढून दोर बांधायला तयार होईना.

"माडाक हलवन काय गावतला तुका?" तो म्हणाला. "नारळ पडतले. डोक्यार पडलो तर तू पण पडतलस."

"टाकी बांधूची आसा, बाबल. ती वाऱ्यात कशी हलतली, ता तुझो माड सांगतलो."

"मगे टाकीकच जावन इचार."

"टाकी अजून बांधूक नाय."

"मगे घाई कसली?" असं म्हणाला आणि चढला. वरून ओरडला, "भाऊ, तुझ्या कॉलेजात झाडा नाय काय रे?"

दोर ओढून माड वाकवायचा, एकदम सोडायचा. खोडाला वरच्या अंगाला पांढरी चिंधी, समोर जमिनीत रोवलेला बांबू. चिंधी बांबूकडे परत आली की एक हेलकावा. असे दहा मोजायचे आणि कॉलेजचं घड्याळ दाबून थांबवायचं. दहावा इतका बारीक असे की डोळ्यांतून पाणी यायचं. तू मला चार वेळा करून दाखवलंस. घड्याळ माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, "ताई, सोडताना शून्य म्हणायचं. मग परत आला की एक."

मी हो म्हटलं. तू रविवारी गेलास.

आणि पहिल्याच दिवशी तोंडातून शून्य निघेना. फळ धरलेल्या झाडाखाली, घरच्या अंगणात, मोजणीला आरंभ करताना शून्य कसं म्हणायचं? आपल्याकडे भात मापताना पहिल्या पायलीला कोणी एकसुद्धा म्हणत नाही, लाभ म्हणतात. आईने हात धरून शिकवलेलं. मला वाटलं, आरंभाचा शब्द तर म्हणायचा आहे, तो शुभ म्हटला तर तुझ्या शास्त्राचं काय बिघडणार? बाबलने दोर सोडला की मी लाभ म्हणायचे आणि घड्याळ दाबायचे.

पण लाभच्या पुढे जीभ एकावर येत नाही, सदू. दोनावर जाते. जन्मभर तशीच गेलेली. माड परत आला की मी दोन म्हणत होते. दहा म्हणेपर्यंत त्याचे नऊच झालेले असत.

दोन वर्षं मी तुला दर महिन्याला कार्ड पाठवलं. पावसात ओल्या झाडाची मोजणी, उन्हाळ्यातली, नारळ असतानाची, पाडप झाल्यावरची. तू काय काय विचारायचास! वारा कुठला होता, खाडीला भरती होती का, किती नारळ उतरले, त्यातले पाण्याचे किती. मी किती भाबडेपणाने सगळं लिहून पाठवायचे. कशी मोजतेस, एवढं मात्र विचारलं नाहीस.

नाही, हे खोटं लिहिलं. एकदा विचारलंस.

ते कार्ड मी जपून ठेवलं नाही, पण त्यावर मी दिलेलं उत्तर तू ठेवलंस. सुतळीतलं तिसरं. तू लिहिलं होतंस, ताई, आकडे गणिताशी जुळत नाहीत, मोजणी नीट होते ना? आणि मी काय लिहिलं? "वीस वर्षं या घराचा हिशेब ठेवते, त्यात अजून पैशाची चूक निघालेली नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर घड्याळ घेऊन जा." खाली आशीर्वादसुद्धा नाही. त्या दिवशी घरात माणसं जेवायला होती, चूल पेटत नव्हती, हे सगळं खरं. पण कार्डावर ते दिसत नाही. कार्डावर नुसता माझा तोरा दिसतो.

उलट टपाली तुझं आलं: ताई, चुकलो. चूक माझ्याच गणितात असणार, शोधतो.

का रे लगेच चुकलास? लहानपणी नदीवर खेकडे पकडायला गेलो की एका दगडावरून माझ्याशी तासभर वाद घालायचास. तेव्हा मी थोरली नव्हते का? दोन कार्डं आणखी लिहिली असतीस, भांडला असतास, तर मी कदाचित चिडून तुला सगळं साग्रसंगीत लिहून पाठवलं असतं, लाभपासून. तुला एका क्षणात कळलं असतं.

तुझं मन पाण्यासारखं सरळ होतं. एस.टी.तून घाट उतरताना तू मांडीवर अर्धी भरलेली बाटली धरून बसला होतास, आठवतं? गाडीचा डोल आणि पाण्याचा डोल जुळतो का, ड्रायव्हरने चाक किती फिरवलं की पाणी किती चढतं, ते बघायला. कंडक्टर आला.

"ओ पावणे, बाटलीत काय आसा? दारूबंदी आसा, ठावक मा?"

"पाणी आसा. गाडी कशी हलता ता बगतंय."

"तेका बाटली कित्याक? आमच्या कमरेक इचारा."

सगळी गाडी हसली, तूसुद्धा. आणि मग तू वहीत खरंच लिहिलंस: कंडक्टरच्या मते डोल कमरेला कळतो. कोणी काही सांगितलं की तू ते खरं धरून चालायचास. मोटारीचा कंडक्टर असो, नाहीतर बहीण.

आता सरांच्या पत्राचं. सर लिहितात, कॉलेज तुझं काम पुस्तिकेच्या रूपाने छापणार आहे. महिनाअखेर ते छापखान्यात जाईल. मूळ मोजणीची वही किंवा टिपणं माझ्याकडे असतील तर हवी आहेत, कारण माडांच्या प्रकरणावर त्यांचं मन अडलं आहे. तुझं गणित एका हेलकाव्याला जेवढा वेळ सांगतं, त्याच्या नऊ दशांशच वेळ मोजणीत येतो. भरला माड घ्या, रिकामा घ्या, ओला घ्या, सुका घ्या, सगळीकडे तेवढाच कमी. शेवटी तू गणितातच एक गुणक घातलास, आकडे जुळावेत म्हणून. सर म्हणतात, त्या गुणकाला आधार नाही. त्यांनी तुला ती मोजणी सोडून द्यायला सांगितली होती. तू ऐकलं नाहीस. त्यांच्यापुढे उभं राहून म्हणालास, "सर, गणितावर माझा विश्वास नाही, पण ही मोजणी ज्यांनी केली त्यांच्यावर आहे."

हे वाक्य वाचून मी पत्र घडी करून देवापुढे ठेवलं. दोन दिवस हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं ते हिशेबाच्या वहीमुळे. फरक कधी कमी कधी जास्त येत असेल तर चूक कुठेही असू शकते. पण रोज त्याच तऱ्हेचा येत असेल तर चूक आरंभीच्या शिलकेत असते. सासऱ्यांनी मला हे शिकवलं. दहात एक कमी, नेहमीच. म्हणजे आरंभीच काहीतरी. आरंभी मी काय करते?

उत्तर लगेच आलं नाही. गेल्या आठवड्यात गुरुवारी गिरणीत न्यायचं भात मापायला मी आणि धाकटी जाऊ शेवंती बसलो होतो. ती मापत होती, मी पोतं धरून होते. पायली ओतून ती म्हणाली, लाभ. दुसरी भरली, दोन. माझ्या हातातून पोत्याचं तोंड सुटलं.

"गो बाय, काय झाला? पाल पडली काय?"

"पाल नाय. परत मापून दाखव."

"सगळा?"

"दोनच पायल्यो."

तिने मापल्या. लाभ, दोन. मी तिथेच भातात बसून राहिले. तिला वाटलं मला घेरी आली, ती पाणी आणायला धावली.

तरी मनाला वाटे, नसेल. मी तेव्हा एकही म्हणत असेन, आता कसं आठवणार? देवीला कौल लावावा असंही एकदा वाटलं. मग वाटलं, हा प्रश्न देवीकडे न्यायचा नाही. माड अजून उभा आहे.

बाबलला बोलावलं. दोर बघून तो म्हणाला, "भाऊ गेलो तरी माडाची सुटका नाय?" पण लगेच डोक्यावरचा फडका काढून हातात घेतला. मग चढून दोर बांधून खाली आला.

घड्याळ माझ्या हातात. शेवंतीला सांगितलं, भात मापतेस तसं मोठ्याने मोज, दोर सुटला की सुरू कर. मी मनात मोजणार होते, तू सांगितलंस तसं. शून्य अजूनही म्हणवलं नाही, मला माफ कर. पण जपमाळेचा मेरुमणी मोजत नाहीत, तिथून जपाला नुसता आरंभ करतात. हे एवढं साधं दोन वर्षं सुचलं नाही. सुटताना राम म्हटलं आणि परत आल्यावर एक.

शेवंतीचे दहा झाले तेव्हा माझे नऊ होते. घड्याळात सत्तावीस सेकंद. मी थांबवलं नाही. माड आणखी एकदा जाऊन आला, तीस.

तुझ्या सहाव्या वहीत भरल्या माडाचं गणिताचं उत्तर आहे. एका हेलकाव्याला तीन सेकंद. ते तू दोन रेघा मारून खोडलं आहेस आणि बाजूला लिहिलं आहेस: चूक कुठे?

"बाय, रडतस कित्याक?" बाबल दोर गुंडाळत विचारत होता. "माड तर बरो हल्लो."

काविळीने तू गेलास. काविळीला माझी मोजणी कारण नव्हती, एवढं मला समजतं. पण आधीची दोन वर्षं कोणाच्या हिशेबात घालू? कुडाळच्या मुलीचं स्थळ तू थांबवलंस, काम पुरं होऊ दे म्हणून. गणपतीला आला नाहीस. मी रागावले, तुझ्या वाटणीचे मोदक शेजारी दिले आणि तसं कार्डात मुद्दाम कळवलं. तू तिकडे बसून स्वतःचं बरोबर उत्तर खोडत होतास.

यांना सांगितलं. ऐकून घेतलं, सुपारी कातरत राहिले.

"आता पत्र लिवन काय होतला? तो गेलो. चूक पण तेच्याबरोबर गेली."

"चूक खंय गेली?" मी म्हटलं. "ती छापखान्यात चलली आसा."

"लोक हसतले. म्हणतले, इंजिनेर कसलो, बहिणीकडसून माड मोजून घेय. तेचा नाव जातला, तुजा काय जाता?"

हे खोटं नाही, सदू. हेच मला दोन दिवस खात होतं. कारण सरांनी तुझं प्रकरण टंकलेखन करून सोबत पाठवलं आहे, आणि त्यात तू लिहिलं आहेस की वाचने प्रशिक्षित निरीक्षकाने घेतली. मी ते तीनदा वाचलं. प्रशिक्षित निरीक्षक म्हणजे मी, हे कळायला मला तिसरी खेप लागली. मॅट्रिक झालेली, चुलीवर पेज ठेवून अंगणात धावत येणारी, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हाताला पीठ. तू मला झाकलंस की मोठी केलीस? आता खरं सांगायचं तर ते पांघरूण मलाच ओढून काढावं लागणार. सर काय म्हणतील? तू खोटं लिहिलंस असं तर नाही म्हणणार?

पण गप्प बसले तर तुझं खरं उत्तर खोडलेलंच राहील आणि माझा गुणक तुझ्या नावाने छापला जाईल. उद्या कोणी त्यावरून टाकी उभी केली तर ती त्याच्या हिशेबापेक्षा सावकाश हलेल. सावकाश हलणं चांगलं की वाईट, ते तुझं तुला ठाऊक. हिशेबाबाहेर हलणं वाईट, एवढं मला कळतं. टाकीखाली माणसं राहत असतील.

यांना म्हटलं, नाव गेलं तर माझं जाऊ दे, त्याचं गणित राहू दे. संध्याकाळी स्वतः जाऊन पोस्टातून मोठा लिफाफा घेऊन आले, ते पुरे.

मी थकले आहे, सदू. वह्या बघून डोळे दुखतात. रागही कोणावर धरावा? आईने लाभ शिकवलं ते चूक नव्हतं, तू शून्य शिकवलंस तेही नव्हतं. मीच मध्ये उभी राहून दोन्ही एक समजले, आणि विचारायला आलेल्या धाकट्या भावाला दारातून परत पाठवलं.

तर आता शब्द देते. सोमवारच्या टपालाने सरांना रजिस्टर पत्र जाईल. त्यात माझ्या सगळ्या कार्डांची नक्कल, प्रत्येक आकड्यापुढे दहाच्या जागी नऊ. शेवंतीची नि माझी नवी मोजणी, बाबलच्या अंगठ्यासह, दोर त्याने सोडला म्हणून. घड्याळ शेवटची मोजणी झाली की परत. पाडप झाल्यावर रिकाम्या माडाची मोजणी पुन्हा करून पाठवीन, पावसाळ्यातली पावसाळ्यात. तुझा गुणक काढून टाकावा अशी विनंती लिहिली आहे. खोडलेलं उत्तर पुन्हा लिहावं, अशीही.

एकच ओळ अडली आहे. प्रशिक्षित निरीक्षक हे शब्द सरांनी ठेवावेत असं मला सांगवत नाही. त्या जागी मी लिहून ठेवलं आहे: मोजणी लेखकाच्या थोरल्या बहिणीने केली. तिला नीट शिकवलं होतं, तिने ऐकलं नाही.

यात काही बदलायचं असेल तर सोमवारच्या आत, उलट टपाली कळव.

तुझी
ताई